प्रतापरावांचं गोत्र

ईडन प्रेरी, अमेरिका, २२ जानेवारी १९८४

सौ. कांचनताईंना सा. न.

आज रविवार. दोन मशीन कपडे धुतले. शेजारची बाई पाव ठेवून गेली. तुमचे भाऊ गेल्याची तार मिळाली असेलच. १० तारखेला ऑफिसला जाण्याआधी हे घरापुढच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ काढत होते, तिथेच पडले.

दहाव्याला यांचे मित्र गिरीश पोथी घेऊन बसले. त्यांनी गोत्र विचारलं आणि मला सांगता येईना. आमचं लग्न रजिस्टर पद्धतीचं, तेव्हा कोणी विचारलंच नाही. माहीत नसेल तर काश्यप म्हणतात, असं गिरीश म्हणाले, तसंच म्हटलं. तेव्हापासून वाटतं, यांना दुसऱ्याच कोणाच्या घरी पाठवलं.

इथे हे नुसते मिस्टर राव. आम्ही वेलमा, तेलुगू राजांचे गड राखणारे, दसऱ्याला तलवार पुजतो, आमच्या बायका पडद्यात असत, एवढंच हसत सांगायचे. मी पुढे विचारलं नाही. मामंजींनी अकरा वर्षांत मला एक ओळ लिहिली नाही. तुम्ही त्यांना गोत्र विचाराल का? पुढचं श्राद्ध तरी नीट व्हावं.

आठवण ठेवावी.
मृणालिनी

सिरोंचा, ७ फेब्रुवारी १९८४

चि. मृणालिनीस अनेक आशीर्वाद.

पत्र नान्नांना, म्हणजे तुझ्या मामंजींना, वाचून दाखवलं. तुमच्या लग्नाच्या वेळी ते म्हणाले होते, तलवारीच्या घरात लेखणीवाल्यांची मुलगी कशाला. प्रतापनेही उलट कळवलं होतं, तलवार गंजली, लेखणी निदान पगार आणते.

 या वेळी ते काश्यप या शब्दावर चिडले. वेलमांनी गोत्र उसनं का घ्यावं, म्हणाले. आपलं गोत्र रेचर्ला. खाली हेही लिही म्हणाले, की सुनेचं गोत्रही तेच. हे तिला आम्ही सांगायला हवं होतं. मग उठून गेले. जेवले नाहीत.

जपून राहा. पत्र पाठवत जा.
कांचन

ईडन प्रेरी, २५ फेब्रुवारी १९८४

ती. मामंजींना शि. सा. न.

ताईंचं पत्र काल मिळालं. आज पुन्हा तर्पण करायला गिरीश येणार होते, पण बर्फामुळे त्यांची गाडी निघेना. मी अंघोळ करून स्वयंपाकघरातच तिळाचं पाणी सोडलं आणि आपलं गोत्र म्हटलं. बायकांनी करावं की नाही, माहीत नाही. उच्चार चुकला असेल. रडू आलं नाही.

आपला आशीर्वाद असावा.
आपली सून, मृणालिनी

ता. क. पाकीट बंद करण्याआधी ड्राइव्हवे साफ करून आले. फावडं यांचंच. अर्धा तास लागला.