कामाचे कपडे उंबऱ्याबाहेर

मी, खाली सही करणारी, वय एकसष्ट, धंदा शिवणकाम, गल्लीत शिलाईवाली म्हणून सर्वांना माहीत असलेली, हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. बिघडले आहे ते उजवे फुप्फुस. कोणी धाक दाखवून लिहून घेतलेले नाही; मला धाक दाखवणारा अजून जन्माला यायचा आहे.

१. आजार. धाकटे दीर सांगत फिरतात, "वहिनी लपून ओढत असणार." मी जन्मात विडीला हात लावलेला नाही. डॉक्टरीणबाईंनी समजावले ते असे: हा कर्करोग मुख्यतः दोन जातींचा. लहान पेशींचा झपाट्याने पसरतो आणि बहुतेक ओढणाऱ्यांनाच होतो. दुसरा लहान पेशींचा नसलेला, माझा तो. तो न ओढणाऱ्यांनाही गाठतो. तंबाखू हे सर्वांत मोठे कारण खरे, पण दुसऱ्याने सोडलेला धूर किंवा ॲस्बेस्टॉसची धूळसुद्धा पुरते. या कलमाची एक प्रत दिरांना द्यावी. बाकी त्यांना काही देऊ नये.

२. धूळ. माझे यजमान छपराचे पत्रे करणाऱ्या कारखान्यात कापणीवर होते. त्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असते. संध्याकाळी पांढरेफटक होऊन घरी यायचे. शेजारणीचे कपडे बाहेर दोरीवर वाळत असत, त्यांवर धूळ नको, म्हणून सत्तावीस वर्षे मी यजमानांचा सदरा न्हाणीघरात नेऊन, दार लावून झटकला. शेजारधर्म पाळला आणि सगळी धूळ एकटीने खाल्ली. यजमान हृदयविकाराने गेले. त्यांना मी दोष देत नाही, कारखान्याला देते. तिथल्या साहेबांचे कपडे कारखान्यातच धुतले जात.

३. उपचार. लवकर कळते तर तेवढा भाग कापून काढता आला असता. मला कळले तेव्हा रोग हाडापर्यंत पोचला होता. दुखऱ्या हाडावर किरण घेतले, किमो घेतली, केस गेले. मग गाठीच्या तुकड्याच्या तपासणीचा निकाल आला आणि माझ्या जातीच्या कर्करोगावर चालणारी गोळी निघाली. ती रोज एक घेते. "वर्ष काढीन का?" असे विचारले तेव्हा डॉक्टरीणबाई माझे कागद पुन्हा चाळू लागल्या होत्या. त्याला एकवीस महिने झाले, आणि तेवढ्या काळात मी शाळेचे एकशे चाळीस गणवेश शिवले. रोग जाणार नाही हे मला कळते. पण लोळत पडून त्याची सोय मी करणार नाही.

४. शिलाई मशीन आणि मोठी कात्री सूनबाईला. त्या कात्रीने कोणी कागद कापला तर गाठ माझ्याशी आहे, मेले असले तरी.

५. घर. या दोन खोल्या मी शिलाईवर घेतल्या, माझ्या एकटीच्या नावावर आहेत. एकुलता एक मुलगा त्याच कारखान्यात, त्याच कापणीवर आहे. गेल्या महिन्यात सूनबाई त्याचा सदरा घेऊन न्हाणीघरात गेली आणि तिने दार लावून घेतले. शिकवण माझीच. ती नवी होती तेव्हा मीच म्हणाले होते, "बाहेर झटकू नकोस गं, लोकांच्या कपड्यांवर जातं." ते आठवले की खोकल्यापेक्षा जास्त दुखते. तिला अजून काही झालेले नाही आणि मला ते होऊ द्यायचे नाही. मुलाशी बोलले तर म्हणाला, "आई, उगाच बाऊ करू नकोस. बाबांना धुळीनं कुठे काय झालं?"

म्हणून घर मुलाला नाही. दोन्ही खोल्या सूनबाईच्या एकटीच्या मालकीच्या. मुलाने राहायचे ते तिच्या मर्जीने आणि एका अटीवर: कामाचे कपडे उंबऱ्याच्या आत येणार नाहीत. बाहेरच्या नळावर काढावेत, भिजवावेत, त्याने स्वतः धुवावेत. कोरडे झटकू नयेत. अट मोडल्यास सूनबाईने त्याला कपड्यांसकट बाहेर काढावे. सूनबाई, तुझी जीभ रेटणार नाही, मला माहीत आहे. तेव्हा माझे नाव सांग.

वरील सर्व माझ्या हातचे आहे आणि मी ते दोनदा वाचले आहे.

स्थळ: राहते घर, पुढची खोली
दिनांक: ११ नोव्हेंबर
सही: शिलाईवाली

साक्षीदार
१) शेजारीण, जिचे कपडे सत्तावीस वर्षे स्वच्छ राहिले. तिचा यात काही दोष नाही.
२) डॉक्टरीणबाई.

ता. क. मुलाची "हरकत नाही" अशी सही बाजूला आहे. तो कामावरून आला तेव्हा सूनबाईने दारात उभी राहून त्याला हा कागद वाचून दाखवला. उंबऱ्यावर ठेवलेला पाय त्याने मागे घेतला आणि नळावर गेला. सही तिथून आल्यावर केली. कागदाचा तो कोपरा त्याच्या ओल्या हाताने भिजला आहे, ती खाडाखोड समजू नये.