चोवीस तारखेच्या आत

९ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी सात ते तीन फिजिओथेरपीचं काम. चार गुडघे, दोन खांदे, एक नवीन बसवलेला खुबा. डॉब्सनबाई आज कठडा न धरता सहा पावलं चालल्या. जेवणाच्या सुट्टीत फोन पाहिला. धाकट्या बहिणीचे, लिगायाचे, अकरा फोन येऊन गेले होते.

नानाय गेली. आमची आई. झोपेतच.

उरलेले दोन पेशंट केले आणि घरी आलो. दुसरं काय करायचं ते सुचलं नाही.

१० नोव्हेंबर, शुक्रवार

वकीलबाईंशी बोललो. कामाची परवानगी अजून दोन वर्षं आहे, पण पासपोर्टमधला व्हिसा २४ नोव्हेंबरला संपतो. अमेरिकेत कायम राहण्याचा अर्ज सव्वा वर्ष पडून आहे.

“जाऊ नका असं मी म्हणणार नाही,” त्या म्हणाल्या. “फक्त चोवीस तारखेच्या आत परत येऊन इथल्या हद्दीवर उभे राहा. पंचवीस उजाडली तर तिकडंच थांबून नवा व्हिसा. किती महिने लागतील, मला सांगता यायचं नाही.”

“आणि अर्ज?”

“नोकरी राहिली तर अर्ज राहील.”

मग त्या म्हणाल्या, आईचं ऐकून वाईट वाटलं. हे शेवटी म्हणाल्या, पण घाईनं नाही.

२२ चं परतीचं तिकीट काढलं. लिगायाला सांगितलं. ती म्हणाली, “ये तू. तू येईपर्यंत आम्ही तिला कुठंही नेत नाही.”

११ नोव्हेंबर, शनिवार

बॅग भरली. पहिल्यांदाच खोकं नाही — साबण नाही, चॉकलेटं नाहीत, नानायसाठी गुडघ्याचा पट्टा नाही. बॅग इतकी हलकी की उचलताना तोल गेला.

दोन तास गाडी चालवून विमानतळ. गाडी तिथंच ठेवली. टाकी निम्म्याखाली आहे. आल्यावर भरू.

१३ नोव्हेंबर, सोमवार. तायाबास.

मनिलाहून गाडीने घरी पोचलो. अंगणात ताडपत्री, खुर्च्या, मयताची रात्र जागवायला पत्ते खेळणारी माणसं. बाहेरच्या खोलीत शवपेटी. वर काच, आत औषध देऊन राखलेली नानाय.

लिगायाने तिला निळा स्वेटर घातला आहे. अमेरिकेसाठी घेतलेला. व्हिसाच्या पहिल्या मुलाखतीच्या आधी घेतला होता, नंतर दुसऱ्या मुलाखतीपर्यंत पिशवीत होता, नंतरही पिशवीतच. दोन्ही वेळा खिडकीतल्या माणसाने विचारलं, मुलगा तिकडे कायमचा राहणार ना? ती मोठ्या अभिमानाने हो म्हणाली. दोन्ही वेळा नकार.

“एवढ्या उकाड्यात स्वेटर?” मी म्हटलं.

“जाईन तेव्हा घालीन म्हणायची,” लिगाया म्हणाली. “आता जातेच आहे.”

आम्ही दोघं हसलो. मग लिगायाने मला काचेपासून मागे ओढलं. काचेवर आसू पडू द्यायचा नसतो.

१४ नोव्हेंबर

मयत घरात असेपर्यंत घर झाडायचं नाही अशी रीत. बिस्किटांचा चुरा, शेंगांची टरफलं पायाखाली कुरकुरतात. नानायने हे एक दिवस सहन केलं नसतं.

१६ नोव्हेंबर, गुरुवार

शेजारच्या आलिंग पुरिंग दुपारच्या प्रार्थनेला आल्या होत्या. मला म्हणाल्या, “तुझ्या घराचं मला सगळं ठाऊक आहे हो. पंधरा पायऱ्या. खिडकीला पडदा नाही.”

नानाय फोनवर तेच विचारायची. पायऱ्या किती, कठडा कुठल्या हाताला. मी म्हणायचो, पंधरा, उजव्या हाताला. मग ती म्हणायची, हळू चढले तर जमेल. मी तिला गुडघ्याचे व्यायाम दिले होते. दहा वेळा सांगितलं की सहा वेळा करायची आणि दहा म्हणायची. फोनच्या पडद्यावर मला तिचे पाय दिसत असायचे. तरी मी शाबास म्हणायचो.

नऊ वर्षं परक्या म्हाताऱ्यांचे गुडघे हातात घेऊन वाकवतो आहे. तिचे एकदाही नाही.

आलिंग पुरिंग निघाल्या तेव्हा सवयीने मी फाटकापर्यंत जायला उठलो. लिगायाने शर्ट धरला. मयताच्या घरच्यांनी कुणाला पोचवायला जायचं नसतं. “अमेरिकेत राहून सगळं विसरलास, कुया.” कुया म्हणजे दादा.

विसरलो नाही. लहानपणी एका मयतीहून येताना मी सरळ घराकडे वळलो, तर नानायने मानगूट धरून बेकरीत नेलं होतं. गरम पाव घेऊन दिला. “वाटेत कुठंतरी थांबायचं असतं. म्हणजे मागं लागलेलं माणूस तिथंच रेंगाळतं. सरळ घरी गेलं की तेही घरी येतं.” याला आमच्यात पाग्पाग म्हणतात, झटकून टाकणं. मला त्या दिवशी दोन पाव मिळाले. पुढच्या मयतीला मी आनंदाने गेलो होतो.

१८ नोव्हेंबर, शनिवार

आमचा थोरला भाऊ नेस्तोर जहाजावर आहे. आज कळलं, जहाज बंदराला लागायला उशीर होणार. तो २४ ला घरी पोचेल. दफन २५ ला.

म्हणजे मी नसताना.

तियो बर्तिंग, नानायचे धाकटे भाऊ, पत्ते टाकून आत आले. “एक दिवस. एका दिवसासाठी आईला माती न देता जाणार? शिक्का मोठा की आई?”

 

लिगाया म्हणाली, “तियो, नानायनेच त्याला तिकडं पाठवलं. परत आलास तर पायताण काढीन म्हणाली होती. तुम्हीच होतात ना तिथं?”

“होतो. पण ती काय खरं म्हणाली होती?”



१९ नोव्हेंबर, रविवार

रात्रभर विचार केला. थांबलो तर नोकरी जाईल, अर्ज जाईल, तिने पाठवल्यापासूनची नऊ वर्षं जातील. गेलो तर तिला खड्ड्यात उतरवताना माझा हात नसेल. दोन्हीकडून तीच जाते.

सकाळी नेस्तोरशी बोलणं झालं. मागे इंजिनाचा आवाज होता.

“तू जा,” तो म्हणाला.

“तियो म्हणतात...”

“तियोंना म्हणावं, पत्ते खेळा. ऐक. तू सहा दिवस तिच्याजवळ बसलास. मी येईन तेव्हा जेमतेम एक रात्र. आपण वाटून घेऊ. तू बसलास, मी माती देतो.”

“चालेल?”

“लहानपणी अंडंसुद्धा वाटून खाल्लंय आपण. तेव्हा मोठा अर्धा तूच घ्यायचास.”

तिकीट बदललं नाही.

२० नोव्हेंबर

तिच्याजवळ बसून होतो. विशेष काही नाही.

२१ नोव्हेंबर, मंगळवार

दुपारी निघालो. दर वेळी मला पोचवायला गाडीत मावत नाहीत इतकी माणसं येतात. नानाय पुढच्या सीटवर, मांडीवर भाताचा डबा. आज कुणी फाटकापर्यंतही आलं नाही. यायचंच नसतं. सगळे ताडपत्रीखाली उभे राहिले. तियो बर्तिंगनी लांबूनच हात वर केला.

लिगाया दारातून ओरडली, “कुया, वाटेत थांब हं कुठंतरी! विसरू नकोस!”

मागे वळून पाहिलं नाही.

लुसेना शहरातल्या बेकरीपाशी ड्रायव्हरने गाडी हळू केली. “इथं थांबू ना, साहेब? मयतीहून निघालाय.”

“नको. उशीर होतोय,” मी म्हटलं.

त्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं. मग गळ्यातल्या क्रूसाला हात लावला आणि गाडी दामटली. मनिलाला चार तास आधीच पोचलो.

२२ नोव्हेंबर, बुधवार

तोक्योत विमान बदललं. पाच तास होते. दुकानांत गेलो नाही, काही खाल्लं नाही. पुढच्या विमानाच्या दाराशी पहिल्या खुर्चीवर बसलो. शेजारच्या खुर्चीवर कोट ठेवला होता. एकाने विचारलं, कुणी आहे का? मी हो म्हटलं.

ह्यूस्टनला अधिकाऱ्याने व्हिसाची तारीख दोनदा पाहिली. “परवा संपतोय.”

“हो.”

आतल्या खोलीत बसवलं. एक तास वीस मिनिटं. पासपोर्ट समोरच्या टेबलावर होता, माझ्या हाताच्या अंतरावर. नऊ वर्षं तिथं पडली होती. मग दुसऱ्या अधिकाऱ्याने बोलावलं. कशासाठी गेला होतात? आईचं मयत. दफन झालं? नाही, शनिवारी आहे. त्याने मान वर करून पाहिलं.

“सोबत कुणी?”

“एकटाच आहे.”

शिक्का मारला. “तुमच्या आईबद्दल ऐकून वाईट वाटलं,” तो म्हणाला.

दुपारी गाडी घेतली. पेट्रोलचा काटा तासाभराने लाल रेघेवर आला. चार पंप गेले. थांबलो नाही.

२२ नोव्हेंबर, संध्याकाळ

लिगायाचा निरोप होता — पोचलास? पाग्पाग केलंस ना? कुठं थांबलास?

लुसेनाच्या बेकरीत, असं लिहिलं. खोटं लिहिलं. तोक्यो हा नाइलाज होता, आणि त्या आतल्या खोलीत कुणी रेंगाळेल असं मला वाटत नाही. बाकी कुठंही थांबलो नाही.

पंधरा पायऱ्या. कठड्याची बाजू मोकळी ठेवली. दर पायरीवर दोन्ही पाय टेकवत हळू चढलो. दार उघडून आधी बाजूला झालो, मग आत आलो.

भात लावला. दोघांपुरता.