पिंड उघडी पडू द्यायची नाही

१ ऑगस्ट
जळकोटपासून अकरा किलोमीटरवरच्या या गावात आज रुजू झालो. नांदेडच्या ज्या पेपरात वीस वर्षं मी लोकांची टिंगल केली, त्याने शेवटी माझीच केली: सदर बंद, नमस्कार. आता पर्जन्यमापक सांभाळायची नोकरी. रोज सकाळी साडेआठला पाऊस मोजायचा आणि तालुक्याला कळवायचा. जूनपासून इथे चार थेंब पडलेत, म्हणजे टकल्यांच्या गावात न्हाव्याची नेमणूक. खोली मात्र झकास, खिडकीत चिंच. घरमालकीण शांतम्मा, साठीच्या, एकट्या. भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी न विचारता वाढतात.

४ ऑगस्ट
गावाने देव पाण्यात घातलाय. गाभाऱ्याच्या दाराला चिखलाचा बांध, आत घागरी ओतून महादेव बुडवलेला. पाऊस पडेपर्यंत पिंड उघडी पडू द्यायची नाही. हा नेम यंदा शांतम्मांकडे. मी म्हटलं, मावशी, तिकडे प्रशांत महासागर तापला की इकडचे ढग बिथरतात. काही वर्षांनी तो तापतो, मग निवतो, आपल्याच लहरीने. त्यात कुणाचं पाप नाही की पुण्य नाही. त्यांनी विचारलं, मंग त्या समुद्राला सांगावं कसं? मी म्हटलं, पिंड खाऱ्या पाण्यात घाला, निरोप लवकर पोचेल. पुजारी वीरण्णा स्वामी पोट धरून हसले. शांतम्मा हसल्या नाहीत.

६ ऑगस्ट
बाईंनी खरंच दोन पोती खडेमीठ गाभाऱ्यात ओतलं! सदर चालू असतं तर आठवडा निघाला असता. वर मीही शहाणपणा शिकवला: गडगडलं, अंगण भिजलं, तो पाऊस नव्हे, मापकात मिलिमीटर दिसले तरच पाऊस. त्या म्हणाल्या, म्हंजे तुमचं भांडं सांगंल तवाच नेम सुटंल. बरं हाय.

९ ऑगस्ट
सकाळी पाणी वीतभर उतरलेलं, पिंडीचा माथा उघडा. बांध शाबूत. शांतम्मा धापा टाकत घागरी ओतत राहिल्या. दुपारी पाणी आपणहून चढलं, बांधावरून ओसंडलं. स्वामी म्हणाले, झरा फुटला असंल. असेल.

१२ ऑगस्ट
काठी रोवून मोजतोय. दिवसातून दोनदा उतरतं, दोनदा चढतं. रोज पन्नासेक मिनिटं उशिरा. हे भरती-ओहोटीचं वेळापत्रक. समुद्र इथून साडेचारशे किलोमीटर.

१५ ऑगस्ट
गावातल्या सगळ्या विहिरी खारट. लोक पाहुण्यांकडे निघाले, कुणी औशाला, कुणी भोकरला. स्वामीही गेले. शांतम्मा हलत नाहीत. ओहोटी लागली की आत उतरतात, पिंडीवर पाणी ओततात. मला म्हणाल्या, सायब, निरोप तर पोचला की.

माझा विनोद होता तो.

१७ ऑगस्ट
बाहेर अडतीसचं ऊन. गाभाऱ्यात बर्फ. ताटाएवढा तुकडा, निळसर, पिंडीला टेकलेला. कालपर्यंत पाणी कोमट होतं. तापतो, मग निवतो — मीच सांगितलेलं.
तालुक्याला फोन केला. कारकून म्हणाला, बर्फाचा रकाना नाही, पाऊस सांगा. सांगितला. शून्य.

१९ ऑगस्ट
पाणी पार गेलं. फरशी कोरडी, पिंड पूर्ण उघडी. शांतम्मा तिला पोटाशी धरून, वर ओला पदर. चला म्हटलं, पाया पडलो. एवढी ओहोटी लागली, तर भरती केवढी —
त्या एवढंच विचारतात, भांड्यात किती हाय?

२० ऑगस्ट, सकाळ
शून्य.
पाऊस पडला म्हणालो. त्या म्हणाल्या, दाखवा.
मोजपात्रात पाणी ओतलं. बारा मिलिमीटर. वीस वर्षं खोटं लिहिलं, हे पहिलं मनापासून. धावत आलो. त्यांनी बोट बुडवलं, जिभेला लावलं —
विहिरीचं पाणी. गावात दुसरं आहेच कुठं.
रागावल्या नाहीत. म्हणाल्या, सायब, अजून न्हाई.

गाभाऱ्याच्या उंबऱ्यावरून लिहितोय. आवाज येतोय. पश्चिमेकडून नाही, फरशीखालून. घोट्यापर्यंत — बर्फच —
हात द्या म्हटलं. त्यांचे दोन्ही हात पिंडीवर.
गुडघे.
साडेआठ वाजले. पाऊस शून्य. पाणी