हळदीकुंकवाचं बोलावणं

हरिपूर, सांगली
५ जानेवारी १९७८

प्रिय अंजना,

पाकिटावरचं अक्षर तू ओळखलं असशील, आणि ओळखून पत्र न फोडताच फडताळात टाकावंसं वाटलं असेल, तर त्यातही नवल नाही. तरी टाकू नकोस. दोन वर्षं आपण एका वखारीत, एका छपराखाली हळद निवडत बसलो आणि एकमेकींशी चकार शब्द बोललो नाही, तेवढं पुरे झालं. आणि हे पत्र तुझ्या मानसिंगदादांकडून वाचून घेऊ नकोस. ते पलटणीतले माणूस, खड्या आवाजात वाचतील आणि अख्खी गल्ली दारात गोळा होईल. तू चौथीपर्यंत शिकली आहेस, मी मुद्दाम मोठं अक्षर काढलं आहे, बोट ठेवून सावकाश वाच. कुणाचा दोष काढायला मी बसलेली नाही. खरं सांगायचं तर आधी दोष काढायलाच बसले होते, ती पत्रं चुलीत घातली. हे राहिलं.

इकडची खबर अशी. राहीमावशी एकदा खाली बसली की गुडघे तिला उठू देत नाहीत, पण तोंड काही थांबत नाही. तुझ्या दारातल्या तुळशीला मी पाणी घालते. वखारीतली तुझी खिडकीजवळची जागा अजून रिकामी आहे. एक नवीन बाई तिथे बसायला गेली तर बनुबाईने तिला हुसकून लावलं. एरवी माशीही न हाकलणाऱ्या बनुबाईने, बरं का! आणि खरी बातमी ही, की बाळासो मुकादमाने सांगितलंय, संक्रांत झाली की नदीकडची पेवं उघडायची. होळीच्या सुमाराला नवी हळद येईल, त्याआधी जुनी काढायची आहे. मालकाला नेहमीसारखी घाई आहे. मुकादम सांगून गेला आणि सगळ्या बायकांचे हात थांबले. सगळ्या तुझ्या रिकाम्या जागेकडे बघत बसल्या.

आठवतं का, आकारामभावजींशी लग्न होऊन आलीस तेव्हा पेवाचं तोंड बघून तुला ती विहीर वाटली होती. पदर सावरून, वाकून पाणी शोधत होतीस. तू पडली खटावातली, तुमच्याकडे प्यायच्या पाण्याची मारामार, हळद फक्त लग्नात बघितलेली. मीच तुला सांगितलं, बाई गं, ही विहीर नाही, जमिनीच्या पोटातलं कोठार आहे. वर एक माणूस मावेल एवढं तोंड आणि खाली घरातल्या खोलीएवढं पोट. त्यात हळद भरून तोंड लिंपून टाकायचं आणि भाव आला की उघडायचं. आत महिनोन् महिने कोंडलेली हवा माणसाला मारते. म्हणून जुनी माणसं पेव उघडलं की एक दिवस तसंच मोकळं ठेवायची, मग दोरीने कंदील आत सोडायची. कंदील तळाला जाऊन जळत राहिला तर माणूस उतरायचा, विझला तर नाही. पुढे दारात ट्रक येऊन उभे राहायला लागले आणि तो एक दिवस मालकाला जड व्हायला लागला. आमचे हे तसेच उतरले आणि वर आलेच नाहीत. नाथाजी. बघ, नाव लिहिलं. जिवंत होते तोवर उखाण्याशिवाय कधी तोंडातून काढलं नाही. मालक म्हणाला छातीत कळ आली असेल, आणि गावाने मान डोलावली.

तेव्हा माझ्या उंबऱ्यावर येऊन बसणारी तू एकटी होतीस. मला जेवायला घालायचीस आणि भांडायचीस. तूच म्हणालीस, "जाये, लय काय मागायचं न्हाई. पेव एक दिस उघडं ठेवा आन् कंदील जळल्याबिगर माणूस उतरवू नगा, एवढंच." गडीमाणसं रोजावर घेतलेली, तोंड उघडलं की दुसऱ्या दिवशी घरी. पण आपण बायकांनी हळकुंड वेगळं आणि गड्डा वेगळा केल्याशिवाय हळद बाजारात जात नाही, आपण हात आखडले तर मालकाचे ट्रक रिकामे उभे राहतील, हे तुझ्या डोक्यात आलं. आमच्यातल्या कुणाच्याच आलं नव्हतं. वखारीत बायकांना एकेक करून पटवत फिरायचीस तेव्हा मी खाली मान घालून निवडत असायचे आणि मनात म्हणायचे, ही माझी मैत्रीण आहे. तुला कधी सांगितलं नाही, आता सांगते.

मग आणीबाणी आली. हमालांची संघटना बघणारे आपले कोंडीबा आत गेले, सभांना बंदी झाली, चार माणसं पारावर बसली तरी पोलीसपाटील चौकशीला यायचा. त्यावरही तुला युक्ती सुचली. संक्रांतीचे दिवस, घरोघरी हळदीकुंकू, त्याला कोण अडवणार? तू वखारीतल्या बायकांना घरी हळदीकुंकवाला बोलावलंस, वाणाला चहाची गाळणी दिलीस आणि कुंकू लावता लावता तुमचं ठरलं, की सोमवारपासून वखारीत पाऊल टाकायचं नाही. पोलिसाच्या बापाला पत्ता लागला नाही. फक्त एक झालं. हळदीकुंकवाला विधवेला बोलावत नाहीत. आणि आपल्या वखारीत माझ्यासारख्या कितीतरी, कारण ज्यांच्या घरात मिळवणारं माणूस उरलं नाही त्याच तर हळद निवडायला येतात. आम्हाला वगळायचं तुझ्या मनात नव्हतं, हे मला ठाऊक आहे. हळदीकुंकू म्हटलं की पाय आपोआप सवाष्णींच्या दाराकडे वळतात, तुझ्या जागी मी असते तर माझेही वळले असते. त्या दिवशी तुझ्या घराकडे बायका ठेवणीतली लुगडी नेसून जाताना मी बघितल्या आणि सवयीने घरात वळले. दुसऱ्या दिवशी तू तिळगूळ दिलास आणि घाईघाईने निघून गेलीस. तुला वाटलं बनुबाई मला सांगेल. बनुबाईला वाटलं तू सांगशील. आणि सांगायचं म्हणजे "अंजनाच्या हळदीकुंकवात ठरलं" असं एका विधवेच्या तोंडावर म्हणायचं, त्याचंच सगळ्यांना ओशाळं वाटलं. हे मला बनुबाईने गेल्या महिन्यात रडत रडत सांगितलं.

म्हणजे सोमवारी मी, राहीमावशी आणि आमच्यासारख्या बाकीच्या रोजच्यासारख्या कामावर आलो. वखार अर्धी रिकामी. बाळासो म्हणाला, "गावात तापाची साथ हाय, तुमी बसा निवडायला." आम्ही बसलो. दुपारी फाटकाशी गलका झाला म्हणून मी डोकावले, तर तू पुढे आणि बाकीच्या तुझ्यामागे. तू मला आत बघितलंस. तुझा तो चेहरा मी अजून विसरलेले नाही. "जाये, तुज्याच घरधन्यापायी आमी भाईर बसलोय, आन् तू आत?" एवढंच म्हणालीस. मी तशीच उठले, हातातली हळद टाकून बाहेर आले, पण माझ्याकडे कुणी बघेना. मागून कुणीतरी म्हणालं, "हिचं तर गेलं, आता आपलं घालवाया बसलीया." दोन दिवसांत मालकाने बाहेरगावच्या बायका आणल्या, तुमच्यातल्या काही घाबरल्या, काही म्हणाल्या की विधवा फुटल्या तर आपण एकट्यांनी का मरायचं, आणि सगळं मोडलं. पेव उघडलं की त्याच दिवशी माणूस उतरायचा, ते तसंच चालू राहिलं.

मला माहीत नव्हतं, अंजे. कुणी सांगितलंच नव्हतं. हे एवढं वाक्य बोलायला मला दोन वर्षं लागली. किती वेळा जिभेवर आलं, पण ते सांगायचं तर "तू मला बोलावलं नाहीस" असंही म्हणावं लागलं असतं. हळदीकुंकवाला बोलावलं नाही म्हणून कुठली विधवा तक्रार करते? हसली असती वखार. तू समजत राहिलीस की मी जाणूनबुजून आत बसले, आणि मी समजत राहिले की तुला मी नकोशी झाले. आपल्यामध्ये बसायची ती येसूबाई, तिच्या डोक्यावरून आपण सुपं एकमेकींना न बघता सरकवायचो. किती मूर्खपणा तो. मला तुझी इतकी आठवण यायची की दोन हातांवर बसलेली असूनही यायची.

आणि मग कार्तिकातला तो दिवस. तू त्या दिवशी आजारी म्हणून घरी होतीस, मी पेवांजवळच्या अंगणात हळद वाळत घालत होते, म्हणून हे तुला माझ्याशिवाय कुणी सांगणार नाही. आकारामभावजींनी कंदील मागितला होता. हट्टाने मागितला. तुझे शब्द त्यांच्या डोक्यात होतेच. कंदील सोडला आणि तो विझला. बाळासो म्हणाला, "वाऱ्यानं इजला रं, काय हुत न्हाई, उतर." ट्रक दारात उभा होता. पेवात वारा कुठून येणार, अंजे? मी ओरडले, पण माझ्या ओरडण्याला कोण विचारतो. भावजींनी माझ्याकडे बघितलं, जरासे हसले आणि उतरले. इथे पुढे मी एक वाक्य लिहून खोडलं आहे. उजेडाला धरून ते वाचायचा प्रयत्न करू नकोस. आपल्या दोघींनाही ते पाठ आहे, आणि लिहिल्याने ते माणूस परत येणार नाही.

संध्याकाळी तुझ्या घरून माझ्या घरी माणूस आला. दोन वर्षांनी तुझ्या घरचं बोलावणं आलं, आणि ते कशाला, तर बांगड्या फोडायला आणि कुंकू पुसायला. त्या कामाला मात्र आम्हीच लागतो. राहीमावशीचे गुडघे धरले होते म्हणून माझ्यावर आलं. तू डोळे मिटून बसली होतीस, कोण पुसतंय ते तुला कळलं की नाही कोण जाणे. मी वखारीतून तशीच आले होते, हात धुवायचंही भान नव्हतं. तुझं कुंकू पुसलं आणि माझ्या बोटांची हळद तुझ्या कपाळाला लागली. कुणाला दिसायच्या आत मी तीही पदराने पुसली. का पुसली, असं मला रोज वाटतं. राहू द्यायला हवी होती. मग मानसिंगदादा आले आणि तुला वडूजला घेऊन गेले. गाडी वळेपर्यंत मी कोपऱ्यावर उभी होते, पण तू मागे बघितलं नाहीस.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. सभेला आता बंदी नाही. कोंडीबा सुटून आलेत, ते म्हणाले मैदानात सभा घेऊ, कर्णा लावू. मी म्हटलं, कर्णा राहू दे, मी हळदीकुंकू करणार आहे. त्यांना वाटलं जाईबाईचं डोकं फिरलं. संक्रांतीनंतरच्या शुक्रवारी, मालकाच्या वखारीच्या फाटकासमोर, भर दुपारी. वाणाला कंदिलाची वात. सवाष्णींना बनुबाई बोलावते आहे आणि आपल्यासारख्यांना मी. राहीमावशी आधी भडकली, "ह्या वयात माजं सोंग करतीस व्हय?" म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी हळूच येऊन सांगून गेली, "पिंजर आणू नगंस, मला खाजतंया. चांगलं कुकू आण." पहिलं बोलावणं तुला, आणि ते हेच. विट्यावरून सांगलीची एसटी मिळते. वर्षाच्या आत घराबाहेर पडते म्हणून तिकडे लोक नावं ठेवतील, दादाही रागावतील. त्यांना म्हणावं, मैत्रिणीकडे चालले आहे, तिने बोलावलंय. तुझं कपाळ मी पुसलं, तेव्हा तुला कुंकू मीच लावणार. नंतर नाव घ्यायची रीत आहे, ती आपण पाळायची. राहीमावशी तिच्या माणसाचं घेईल, मी नाथाजींचं घेईन, आणि मग तुझी पाळी. उखाणा जुळला नाही तर राहू दे, यमक कुणाला सुचणार आहे. नुसतं नाव घे. आत गादीवर बसलेल्या मालकाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने घे.

तुझी वाट बघणारी,
तुझीच
जाई