अर्ध्या तासाचा निसर्गोपचार

अबकैक, सौदी अरेबिया
५ मार्च १९९१

तीर्थस्वरूप तुळसाआत्यास,

श्यामकांतचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग हा शब्द या खेपेस नुसता रीत म्हणून लिहिलेला नाही. दीड महिना क्षेपणास्त्राचा भोंगा वाजला की दिसेल त्या जमिनीवर पालथं पडायची सवय झाली आहे, त्यामुळे आठही अंगं आपापली जागा ओळखतात.) तुझे गुडघे कसे आहेत? नाशकातली थंडी सरली का? इथलं युद्ध थांबलं, मी धडधाकट आहे, आणि कुवेतच्या पेटलेल्या तेलविहिरींमुळे भर दुपारी आकाश तव्याच्या बुडासारखं दिसतं, याशिवाय तक्रार नाही. तुझं संक्रांतीचं पत्र गेल्या आठवड्यात मिळालं. तिळगुळाला कोण कोण आलं ती यादी वाचली. (सातवं नाव दोनदा वाचलं. ते असो.) पत्रास विशेष कारण नाही. सहज लिहितो आहे.

तर झालं असं. युद्ध पेटणार म्हटल्यावर कंपनीने आम्हा बॅचलर कॅम्पमधल्या लोकांना गॅसचे मुखवटे वाटले आणि ते घालायला शिकवण्यासाठी येन्स नावाचा डेन्मार्कचा एक गृहस्थ आणला. वय एकसष्ट, पोट रांजणाएवढं, एक गुडघा वाकडा, छातीवर हृदयाच्या ऑपरेशनचा वण. (वण मला नंतर दिसला. कसा, ते सांगतो.) पण हा माणूस रोज सकाळी कॅम्पच्या पाण्याच्या टाकीभोवती पाच फेऱ्या धावायचा आणि ते पोट जणू बढतीबरोबर मिळालं असावं अशा थाटात मिरवायचा. एकदा मेसमध्ये मी विचारलं, ही तब्येत कशाने? तो म्हणाला, मी नेचरिस्ट आहे. आता तूच सांग, ज्याच्या आत्याने निसर्गोपचाराच्या शिबिरात पोटावर चिखल थापून आणि दुधीचा रस पिऊन आठ दिवस काढले आहेत, तो या शब्दाचा दुसरा काय अर्थ घेईल? मी खुर्ची पुढे ओढली.

त्याने सांगितलेलं सगळं तंतोतंत जुळत होतं. ऊन, वारा, पाणी. तळ्याकाठी त्यांचा क्लब आहे, रीतसर वर्गणी आहे, ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्यासुद्धा येऊन व्हॉलीबॉल खेळतात. 'वुई पुट ऑन नथिंग, ऑल समर,' असं तो अभिमानाने म्हणाला. आपल्याकडे पुट ऑन होणं म्हणजे वजन वाढणं. (मामी फार पुट ऑन झाल्या, असं तूच दर पत्रात लिहितेस.) उन्हाळाभर किलोभरही वाढत नाहीत म्हणजे पथ्य कडक असणार, असं मी धरून चाललो. मग आवाज खाली आणून विचारलं, कातडीची काही तक्रार असेल तर? तो म्हणाला, अर्धा तास. अर्ध्या तासानंतर कातडी कुणाला दिसतच नाही.

आत्या, माझा घास हातातच राहिला. आठवीपासून तू माझ्या पाठीवरच्या, दंडांवरच्या पांढऱ्या डागांना बावचीचं तेल चोळलंस, उन्हात बसवलंस, तीन वैद्य आणि एक बैरागी झाला, आणि हा म्हणतो अर्धा तास! लग्न जमेपर्यंत हे कुणाला कळता कामा नये असं तू बजावलं होतंस, आणि मी इतका आज्ञाधारक की लग्नच जमू दिलं नाही. सात वर्षं एका खोलीत राहणाऱ्या इसहाकने (हा रत्नागिरीकडचा, आमच्या स्टोअरचा कारभारी) माझं कोपराच्या वरचं काही पाहिलेलं नाही. इथल्या जूनमध्येसुद्धा पूर्ण बाह्यांची बनियन, वर शर्ट, गळ्याचं बटण बंद. लोक मला फार सभ्य समजतात. प्रत्यक्षात मी फक्त घाबरट होतो. येन्स म्हणाला, गुरुवारी ये, सगळ्यांचंच आहे. मी उपचार समजून उपाशीपोटी गेलो.

वर्कशॉपच्या मागे ताडपत्रीचा आडोसा, पाण्याचे दोन पाइप आणि साबणाची बादली. अंगावर गॅस पडला तर जागच्या जागी कपडे उतरवून अंग कसं धुवायचं, याची ती तालीम होती. सगळे कपडे, असं ऐकल्यावर सोळा माणसांनी सोळा दिशांना पाहिलं. इसहाकने ठणकावलं की बेंबीपासून गुडघ्यापर्यंतचं उतरणार नाही, मग युद्ध असो की कयामत, आणि स्टोअरमधून सर्वांना लुंग्या आणल्या. येन्सलाही एक दिली. त्याने ती नुसती टॉवेलसारखी खोचली, मुखवट्याचा पट्टा आवळायला दोन्ही हात वर केले आणि लुंगी खाली आली. तो मात्र, मुखवट्याखेरीज अंगावर काही नसताना, काखेत साबण कसा लावायचा ते मास्तरासारखं शांतपणे समजावत राहिला. आम्ही सगळे आकाशाकडे पाहत होतो, जिकडे एरवी पाहायची आमची छाती होत नसे. (शेवटी इसहाकने तोंड फिरवून लुंगी त्याच्या दिशेने भिरकावली.) पुट ऑन म्हणजे कपडे घालणं, हा खरा अर्थ मला तेव्हा लागला: हे लोक उन्हाळाभर अंगावर काहीच घालत नाहीत. क्लब काढून, आत्या! वर्गणी भरून!

मी रांगेत शेवटचा, बटणं बंद. पोट दुखतंय असं सांगून सटकणार, इतक्यात खरा भोंगा वाजला, आणि मुखवटा हातातच राहिलेला कुणीतरी ओरडला, वास येतोय! वास खरोखरच येत होता. मरणाला जास्त भ्यायचं की लाजेला, हे ठरवायला वेळ नव्हता. शर्टाची बटणं तुटली, बनियन डोक्यात अडकली, ती इसहाकने ओढून काढली आणि मी नुसत्या लुंगीवर गार पाण्याखाली उभा राहिलो. (वास इसहाकच्या सुक्या बोंबलांचा निघाला. स्टोअरमधून लुंग्या आणताना त्या बोंबलांचं पोतं उघडं राहिलं होतं.) थोड्या वेळाने फोरमन खलास, खलास (म्हणजे धोका संपला) म्हणत आला, पण आमचे कपडे नियमाप्रमाणे पिशव्यांत बांधून गेले होते. दुसरे येईपर्यंत तिथेच बसायचं होतं.

पहिली पाच मिनिटं सगळ्यांनी माझी पाठ पाहिली. मला ते न वळता कळत होतं. मग इसहाक म्हणाला, "येवढाच ना? मना वाटलं, तुज्या पाठीवर कोना बायचं नाव गोंदलंय!" सगळे हसले, आणि त्यात माझ्या वाट्याचं हसू फारच थोडं होतं, कारण तोवर कुणाला कुणाचे काडीसारखे पाय दिसले होते, कुणाला अपेंडिक्सचे टाके, कुणाचं लुंगीबाहेर ओसंडणारं पोट. येन्स जवळ आला आणि प्रेशर गेज पाहावं तसं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. तो म्हणाला, कानामागे साबण राहिलाय. मग चहा आला, कुणाची लुंगी कुणी नेसली यावर भांडण झालं, आणि मी वर्कशॉपच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं तेव्हा अर्धा तास होऊन गेला होता. माझी पाठ कुणालाच दिसत नव्हती. मला रडू आलं, आत्या. साबण डोळ्यात गेला म्हणून सांगितलं.

आता रोज सकाळी आम्ही सोळाजण येन्सबरोबर व्यायाम करतो. माझ्या अकरा बैठका होतात, बाराव्या बैठकीला इसहाक मला उचलतो. डाग होते तेवढेच आहेत, पोटही तेवढंच आहे. पण बिनबाह्यांच्या बनियनमध्ये दंडाला वारा लागतो, तो चौदाव्या वर्षानंतर पहिल्यांदाच लागला, आणि फार बरं वाटतं. तू घाबरू नकोस, त्या क्लबाची वर्गणी मी भरणार नाही.

तुझ्या आज्ञेत (या पत्राच्या शेवटापर्यंतच) असलेला,
श्यामकांत

ता. क. पुढच्या पार्सलात पूर्ण बाह्यांच्या बनियन घालू नकोस. बावचीचं तेल उरलं असेल तर दाराच्या बिजागऱ्यांना घाल, फार कुरकुरतात.

ता. क. २. हे पत्र इसहाक सुट्टीवर येताना आणतो आहे आणि मुंबईत पेटीत टाकील. बोंबलांचं मी तुला कळवलं हे त्याला माहीत नाही.

ता. क. ३. पत्रास विशेष कारण नाही असं वर लिहिलं, ते खोटं. यादीतलं सातवं नाव सुनेत्राचं होतं. चार वर्षांपूर्वी मे महिन्यात आपण तिला पाहायला गेलो, तेव्हा तिने मला विचारलं होतं, उकडत नाही का, गळ्याचं बटण उघडा ना. मी इतका घाबरलो की घरी येऊन पत्रिका जुळत नाही म्हणालो. पत्रिका मी उघडलीसुद्धा नव्हती. आता तू लिहितेस की ती अजून एकटीच आहे, शाळेत शिकवते, आणि तिळगूळ घेताना तिने विचारलं, तिकडे सगळे सुखरूप आहेत ना. सगळे म्हणजे तिकडे आपलं आणखी कोण आहे, आत्या? तू तिच्याकडे जा. पत्रिकेचं खोटं होतं हे सांग, आणि मला कोड आहे, हे सांग. हा शब्द आपल्या घरात कधी कुणी उच्चारला नाही. मी आज लिहिला, काही झालं नाही. एप्रिलात येईन तेव्हा मीही सांगेनच, पण आधी कळलं तर नाही म्हणायला तिला मोकळीक राहील. ती नाही म्हणाली तर मला राग नाही. फक्त एक कर. सांगून झाल्यावर लगेच उठू नकोस. चहा घे, शाळेचं विचार, तुझ्या गुडघ्यांचं सगळं सांग. अर्धा तास बस.