तुळईला टांगलेलं इंजिन आणि सरोजाची दोन स्थळं

तंजावूर, ईश्वर संवत्सर, कार्तिक वद्य पंचमी

तीर्थरूप तुळजाराम अण्णांस, धाकटी बहीण धनलक्ष्मी हिचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. पापनाशमला सगळे बरे असाल असं धरून चालते. शेतात पाणी फार तुंबलं नाही ना? वहिनींचा गुडघा कसा आहे? (तेल चोळत बसून राहू नका म्हणावं, चाला म्हणावं.) आमची खुशाली विचारू नका. खुशाल असते तर पत्र कशाला लिहिलं असतं.

मेलवीथीतले अमरसिंह तुम्हांस ठाऊक आहेत. त्यांनी मद्रासेहून एक जुनं विमान विकत आणलं आणि नारळीच्या बागेत उभं केलं. ते उडत नाही. इंजिन चालू केलं की सगळं थरथरतं, आणि ज्या लोखंडी कांबींनी ते विमानाच्या नाकाला धरलेलं आहे त्या तडकतात. आकाशात तडकल्या तर इंजिन खाली आणि माणसं मागोमाग. तेव्हा नवी पकड करून द्या, असं त्यांनी आमच्या घरच्यांस सांगितलं (नाव घेत नाही, राग आला म्हणून काय झालं). हे रेल्वेच्या कारखान्यात नकाशे काढण्यात जन्म घालवून आता पेन्शन घेऊन घरी बसलेले. यांना तेवढंच पाहिजे होतं. लगोलग बैलगाडीतून इंजिन घरी आलं. मधल्या दालनात, कूडमात, जो ऊंजलाचा झोपाळा आहे त्याचा पाट सोडून भिंतीला लावला, आणि आमच्या लग्नात ज्या कड्यांवर आम्हां दोघांना बसवून झोके दिले, त्याच कड्यांना ते काळं धूड टांगलं. आता घरात जो तो त्याला वळसा घालून जातो. मी पूजेला जातानासुद्धा.

पकडीला दोन अटी. एक, ती लहान पाहिजे, कारण विमानाचं नाक अरुंद. दुसरी, कुठं एका जागी तुटलं तरी इंजिन पडता कामा नये. हे मला यांनी जेवताना ताटातल्या मिरच्या मांडून समजावलं. वजनाला उतरायला दोन वाटा हव्यात, म्हणे. एक बोल्ट गेला की त्याचं ओझं शेजारच्यानं न बोलता उचलायचं. तोही गेला तर थरथर सोसणाऱ्या रबराच्या गादीमागं पोलादी कडं आहे, ते झेलतं. मी म्हटलं, या घरात तुमचं ओझं उचलणारी एकच आहे, आणि ती बोलणार आहे.

तिथवर सोसलं. जळक्या रबराचा वास सांबाराला लागला, तेही सोसलं. पण हे खूळ आमच्या सरोजाच्या लग्नात शिरलं. पोरीचं वय तुम्हांस सांगायला नको. आपली मराठी माणसं ती किती. तंजावूर, कुंभकोणम, तिरुवैयार धरून स्थळं मोजली तरी बोटं उरतात. त्यातून कुंभकोणमच्या रामस्वामीरावांनी शुक्रवारी मुलाला घेऊन मुलगी पाहायला येतो म्हणून कळवलं. त्या दिवशी मी बज्जीचं पीठ भिजवायला बसले, तर हे सहज म्हणाले, जास्त भिजव, तिरुवैयारच्या शेषम्माही येताहेत त्यांच्या मुलाला घेऊन. त्याच वेळेला. मी विचारलं, शुद्धीवर आहां का. तर म्हणे, एकाच बोल्टावर पोरीचं लग्न टांगायचं नाही. एक सुटलं तर दुसरं आहे. शिवाय एका तळणात दोन्ही होतात, जागाही कमी लागते.

आता ऐका. शेषम्मा रामस्वामीरावांच्या सख्ख्या थोरल्या बहीण. आईच्या हिऱ्याच्या कुड्यांवरून दोघांचं बोलणं तुटलेलं. सगळ्या गावाला ठाऊक, नकाशेवाल्यांना नाही. दोघं आले आणि इंजिनाच्या अलीकडे-पलीकडे बसले. एक भिंत पाहतो, दुसरी छत पाहते. दोघांची मुलं आपापल्या पायांची बोटं पाहतात. सरोजा गोड सोजीचं ताट घेऊन मध्ये उभी, आधी कुणापुढं ठेवू म्हणून माझ्याकडे बघते. कुणी बोलेना, तेव्हा यांना वाटलं पाहुण्यांची करमणूक करावी. उठले, पाना घेतला, आता बघा म्हणाले, आणि नव्या पकडीचा एक बोल्ट सोडला.

इंजिन कर्र करून बोटभर खाली आलं. शेषम्मा नेमक्या त्याच्या बाजूला सरकून बसलेल्या. रामस्वामीराव "अक्का" म्हणून ओरडले आणि त्यांना हाताला धरून जे ओढलं ते थेट माझ्या बज्जीच्या परातीत. इंजिन मात्र तिथंच राहिलं.

मग भाऊ-बहीण रडले. कुड्या तू ठेव, नको तूच ठेव. रडून झाल्यावर परातीबाहेरच्या बज्ज्या खाल्ल्या (शेषम्मा म्हणाल्या, मीठ कमी), आणि खाता खाता ठरवलं, रामस्वामीरावांची मुलगी शेषम्मांच्या मुलाला, शेषम्मांची मुलगी रामस्वामीरावांच्या मुलाला. घरचं घरात, साटंलोटं. आमच्या कूडमात, आमच्या विड्यांवर दोन लग्नं जमली आणि त्यात आमचं एकही नाही. जाताना शेषम्मांनी सरोजाला कुंकू लावलं, तुझ्या पायगुणानं झालं म्हणाल्या. पोर मागं जाऊन घासलेलीच भांडी पुन्हा घासत बसली.

हे खुशीत. पाहिलंस, बोल्ट गेला तरी पडलं नाही. मी म्हटलं, पाहिलं. इंजिन वर राहिलं आणि मुलगी घरी. तेव्हा यांनी पाना खाली ठेवला, आणि त्यानंतर जेवताना मिरच्या मांडलेल्या नाहीत.

अमरसिंह रोज येतात, इंजिनाला हात लावून शाबास म्हणतात. सरोजाचं कुणी विचारत नाही. बाजारात बायका म्हणतात, यांच्या घरी जाऊन बसा, त्यांची मुलगी सोडून सगळ्यांचं जमतं. तुमच्याकडे काही मागायचं म्हणून लिहीत नाही, अण्णा. माहेरच्या माणसाला सांगून मोकळं व्हावं एवढंच. वहिनींना माझा नमस्कार सांगा, मुलांच्या डोक्यावरून माझ्या वतीनं हात फिरवा.

तुमची,
धनम

ता. क. तुमच्या गुरुमूर्तीचं कुठं बोलणं चाललं आहे का? शिकून झाल्याशिवाय लग्न नको असं तुम्ही म्हणाला होता. झालं असेल ना आता? झालं नसलं तरी चालेल. आत्याच्या मुलीवर पहिला हक्क मामाच्या मुलाचा, असं आई म्हणत असे. मी मुलीची आई, मला तोंड उघडता येत नाही, म्हणून उघडत नाही. तुम्हीच या, पत्र पोचलंच नाही अशा रीतीनं.

आणखी एक. पाकिटावर पत्ता घालायला पत्र सरोजाकडे दिलं, तिनं सगळं वाचलं. रागावली नाही. म्हणाली, मामाला लिही, गुरुमूर्तीनं दुसरी मुलगी राखून ठेवली असेल तर आधी कळवावं, मी आता कुणापुढं उभी राहणार नाही. तिनं सांगितलं ते लिहिलं. माझं म्हणाल तर, राखून ठेवली असली तरी आधी इकडे या.