रविवारच्या विज्ञानवर्गाला लागलेले कुलूप

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी साहेब,
तालुका शिक्षण कार्यालय.

अर्जदार : माणिकप्पा शरणप्पा हलकुडे, सेवानिवृत्त विज्ञान शिक्षक, वय ७२, रा. मुरुड, जि. लातूर.

विषय : मारामारीमुळे बंद केलेला विज्ञानवर्ग, मुलांच्या वह्या वाचून, पुन्हा सुरू करण्याबाबत.
संदर्भ : तपासणी पथकाचा दि. १४ जुलै २०२५ चा शेरा.

महोदय,

१. समजा, आपण अकरा वर्षांचे आहात. ओल्या गोणपाटावर सोयाबीनचे शंभर दाणे मांडून, किती उगवले ते रोज मोजता आहात. असे तीन महिने. मग कोणी विचारले, तुझे हे संशोधन किती गुणांचे? काय सांगाल? अर्जदाराने हा प्रश्न आपल्या चोवीस मुलांना विचारला आणि पुढचे सारे त्यातून घडले.

२. देशोदेशी शास्त्रज्ञांचे काम कसे जोखतात, हा धडा होता. कुठे छापलेले निबंध मोजतात. कुठे त्या निबंधांचे दाखले इतर किती जणांनी दिले ते मोजतात. कुठे जाणकार मोजकेच काम घेऊन ते बसून वाचतात; याला वेळ फार लागतो. हे मुलांकडून करवून घ्यावे म्हणून अर्जदाराने जो पहिला येईल त्याला सूक्ष्मदर्शक आठवडाभर घरी नेऊ देण्याचे कबूल केले. अर्जदाराची चूक इथे झाली.

३. पहिल्या रविवारी निबंध मोजले. एकाने मुंगीच्या सहा पायांवर सहा निबंध लिहिले. म्हणून २९ जूनला दाखले मोजायचे ठरले : ज्याचे नाव इतरांच्या वह्यांत जास्त, तो पहिला. मुंगीवाला तो मुलगा, सातवीतला सत्यम, याने टोळी जमवली. नाव लिहीना त्याला शाळेमागे नेऊन बुकलले. दोघांचे ओठ फुटले, एकाचा दात पडला. अर्जदार आत फळ्यावर गुण मांडत होता. सत्यमचा आकडा चढताना पाहून त्याला कौतुकच वाटले.

४. सहावीतल्या अक्षराच्या वहीत मात्र सत्यमचे नाव नव्हते. पोते उंचावरून आपटले की सोयाबीनचे बी कमी उगवते, हे तिने मोजून काढले होते. सत्यम म्हणाला, "लिही, न्हाई तर हात मोडीन." ती म्हणाली, "तुझं काय कामाला आलंय मला? मुंगीची तंगडी?" त्याने हात पिरगाळला. हाड मोडल्याचा आवाज अर्जदाराने आतून ऐकला. बाहेर येईतो टोळीने तिचे मोड आलेले दाणे तुडवून त्यांचा चिखल केला होता.

५. अक्षराचे वडील महांतेश बांबू घेऊन धावले. सत्यमचे वडील अण्णाराव कुऱ्हाडीचा दांडा घेऊन आले. "माझं पोरगं पयलं आलं म्हणून जळायलेत हे!" असे ओरडत त्यांनी महांतेश यांचे डोके फोडले. महांतेश यांनी पडल्या पडल्या त्यांचा गुडघा फोडला. मध्ये शिरलेल्या अर्जदारास सात टाके पडले. सूक्ष्मदर्शक भिंतीवर आपटला गेला. रक्त पुसता पुसता एका पालकाने विचारले की, आता पहिला नंबर कोणाचा धरायचा?

६. पथक वीस मिनिटे थांबले. विद्यार्थी किती, उपक्रम किती, प्रमाणपत्रे किती, जखमी किती, असे रकाने भरून वर्गास 'ड' दर्जा दिला आणि कुलूप लावले. वही एकही उघडली नाही. अर्जदार दोष नाकारत नाही. तो मार त्याच्याच फळ्याने घडवला. शिक्षा त्याला द्यावी, मुलांना नको. आपल्यापैकी कोणी एकाने तासभर बसून अक्षराची वही वाचावी आणि मग वर्गाचे काय ते ठरवावे.

७. काल रविवार होता. मुले कुलपाबाहेर ओट्यावर जमली. सत्यम आला तसे मार खाल्लेल्यांनी दगड उचलले. एकाने भिरकावलाही, सत्यमच्या कपाळातून रक्त आले. प्लास्टरमधला हात सावरत अक्षरा पुढे झाली आणि तिने आपली वही सत्यमच्या हाती दिली. "आधी वाच. चूक घावली तर बोल." तो अर्धा तास वाचत राहिला. मुलांच्या हातांत दगड तसेच. मग त्याने भीत भीत एका पानावर बोट ठेवले : उगवलेले एकसष्ट, न उगवलेले छत्तीस. बेरीज सत्त्याण्णव, शंभर नव्हे. अक्षराने दोनदा बेरीज केली. डाव्या हाताने '६१ टक्के' खोडून, सत्त्याण्णवांवर हिशेब धरून, '६३' लिहिले आणि त्यापुढे, चूक दाखवणारा म्हणून, सत्यमचे नाव लिहिले.

आपल्या उत्तराची वाट पाहणारा,
नम्र अर्जदार,
माणिकप्पा हलकुडे
मुरुड, दि. २१ जुलै २०२५

सोबत : अक्षराच्या वहीची छायाप्रत, कालच्या दुरुस्तीसह.